समोरचे हात

"आधी पडून दाखवा," तस्नीम मॅडम म्हणाल्या.

मी हॉलच्या खिडकीचे गज दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होते. पायांत चाकांचे बूट, चाकं एकामागे एक, मुंगळ्यांनी रांग धरावी तशी. गुडघ्यांना पॅड, कोपरांना पॅड, मनगटांवर आतून कडक पट्टी असलेले गार्ड आणि डोक्यावर लालभडक हेल्मेट. अंगात लेकीची जुनी ट्रॅकपँट, तिच्या मांडीवर लेकीच्या कॉलेजचं नाव मोठ्या अक्षरांत. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईने असं उभं राहायचं आणि वर पडूनही दाखवायचं.

"पडायला कशाला? मी चालायला शिकायला आलेय."

"चालायला मी शिकवीन. पण पडायला तुम्ही स्वतःहून शिकला नाहीत, तर फरशी शिकवेल. तिची शिकवायची पद्धत जरा वाईट आहे."

"आणि हात मोडला तर घरी काय सांगू?"

"बाथरूममध्ये घसरले म्हणायचं. सगळ्या बायका तेच म्हणतात." त्या हसल्या. मग माझा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. "ताई, हात मोडू नये म्हणूनच तर सांगतेय. हे बघा."

त्या स्वतः चाकांवरच होत्या. जागच्या जागी गुडघ्यांत वाकल्या, आधी गुडघे टेकले, मग कोपरं, शेवटी तळहात, बोटं वर उचललेली. पॅड फरशीवर खडखडले आणि देवापुढे लोटांगण घालावं तशा त्या थोड्या पुढे सरकून थांबल्या.

"पुढे पडायचं. मागे कधीच नाही. मागे पडलं की पाठ आणि डोकं. पुढे पडलं की नुसता आवाज."

मला त्या आवाजाचीच तर लाज वाटत होती.

साताऱ्यात आमच्या कॉलनीच्या बागेला लागून एक लहानशी सिमेंटची रिंक आहे. तस्नीम मॅडम सकाळी शाळेत खेळ शिकवायच्या आणि संध्याकाळी तिथे मुलांना स्केटिंग. हे गेल्यापासून संध्याकाळ माझ्या घरात मावेनाशी झाली होती. दिवा लावला की घर अजूनच रिकामं दिसायचं. म्हणून मी बागेतल्या बाकावर जाऊन बसायची. मुलं गोल गोल फिरायची आणि बाकाखाली माझे पाय आपसूक हलायचे. मला ते कळायचंही नाही. मॅडमना मात्र कळलं. एक दिवस त्यांनी माझ्यापुढे बूट आणून ठेवले.

"पाय हलतायत तुमचे. नुसतं बघणार किती दिवस?"

मी पाय चटकन साडीत ओढून घेतले, जसं काही चोरी करताना सापडले होते.

तरीही गेले. श्रावण लागला होता, रिंक ओली असायची. ओल्या सिमेंटवर चाकं लावणं म्हणजे साबणावर पाय ठेवणं, असं मॅडम म्हणायच्या, म्हणून त्यांनी क्लास कॉलनीच्या हॉलमध्ये हलवला होता. मुलं संध्याकाळी यायची. मी दुपारची वेळ मागून घेतली, सगळी कॉलनी जेवून लवंडलेली असते तेव्हाची. जाताना ट्रॅकपँट दिसू नये म्हणून वरून लांब रेनकोट. एकदा लख्ख ऊन पडलेलं असताना शेजारच्या देसाईकाकूंनी गॅलरीतून विचारलं, "अहो, आज कुठला पाऊस?"

"येईल असं वाटतंय," मी म्हटलं आणि खाली मान घालून चालू लागले.

माझ्या सासरी हे कळू नये, एवढंच माझं मागणं होतं. सासर काही लांब नव्हतं. थोरल्या जाऊबाई, उषावहिनी, दोन गल्ल्या सोडून राहायच्या. मोठ्या वन्सं कमलताई त्यांच्या शेजारीच. त्यांनी मला असं पाहिलं तर मी पुन्हा कुठल्या तोंडाने त्यांच्या दारात उभी राहणार होते?

मॅडमनी शिकवायला सुरुवात केली ती सतरंजीवर. सतरंजीवर चाकं फिरत नाहीत, नुसतं उभं राहायला मिळतं. बुटाची नाडी टाचेपासून घट्ट आवळायची, बुटात टाच उचलता कामा नये. टाचा जवळ, चवडे बाहेर. गुडघे वाकवायचे, इतके की नडगी बुटाच्या जिभेला टेकली पाहिजे. हात पुढे, ताट धरल्यासारखे. मग सतरंजीवरच पडायचं, परत परत. मग फरशीवर बदकासारखी चाल. मग एका पायाने हलकेच ढकलून दुसऱ्यावर सरकणं, आणि थांबायचं तेव्हा उजवा पाय पुढे काढून टाचेमागचं रबर फरशीवर दाबणं.

मी सगळं करायची. एकच गोष्ट जमत नव्हती.

"ताई, परत मागे झुकलात."

"सवय आहे हो."

"कसली सवय? सगळे नवीन लोक घाबरून मागे जातात, पण तुमचं तसं नाही. तुम्ही घाबरून नाही झुकत, तुम्ही चांगल्या ऐटीत झुकता. हात ताठ, मान मागे. नाचायचात का तुम्ही?"

"नाही."

"मग?"

मी नाडी सुटल्याचं निमित्त करून खाली बघितलं.

"समोर कोणीतरी धरलंय असं समजून उभ्या राहता तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "समोर कुणी नाही, ताई. तुमचा तोल तुम्हीच धरायचा."

त्यांनी ते सहज म्हटलं. मी मात्र त्या दिवशी लवकर बूट काढले.

त्याच आठवड्यात उषावहिनींचा फोन आला. त्यांच्या मुलाचं लग्न वैशाखात झालं होतं, म्हणजे सुनेची, ऋजुताची, ही पहिली मंगळागौर. श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवरीची पूजा आणि मग बायकांचे रात्र जागवणारे खेळ. पिंगा, झिम्मा, फुगड्या.

"कॉलनीचाच हॉल घेतलाय गं," वहिनी म्हणाल्या. "सकाळी पूजा घरीच. संध्याकाळी खेळ हॉलमध्ये. तू काय, जेवायलाच ये. सावकाश ये."

"बरं."

"उगाच आधीपासून दगदग नको तुला. गुडघे दुखतात ना तुझे?"

गुडघे दुखत होते, हे खरं होतं. का दुखत होते ते त्यांना माहीत नव्हतं.

"हो, दुखतात," मी म्हटलं. "जेवायलाच येते."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथेच उभी होते. टाचा जवळ, चवडे बाहेर.

त्या मंगळवारी खरं तर हॉलकडे फिरकायलाच नको होतं. मॅडमनीही विचारलं, "आज राहू द्यायचं का? संध्याकाळी कुणाचा तरी कार्यक्रम आहे म्हणे." मी म्हटलं, "दुपारी कोण येतंय?" आणि रेनकोट चढवला. का गेले? नीट सांगता येणार नाही. संध्याकाळी त्या फरशीवर सगळ्यांचे पाय नाचणार होते. त्याआधी थोडा वेळ ती मला एकटीला हवी होती.

हॉल धुऊनपुसून कोरडा केलेला होता. खुर्च्या भिंतीशी रचलेल्या. स्टेजवर संध्याकाळच्या आरतीसाठी चौरंग मांडून ठेवलेला, त्याला केळीचे कोवळे खुंट बांधलेले. कोपऱ्यात पत्रीची टोपली, तिच्यातून आघाडा आणि दूर्वांचा ओला वास येत होता. मधली फरशी तळ्यासारखी मोकळी.

मॅडमनी माझं हेल्मेट हनुवटीखाली नीट बसवलं, दोन बोटं घालून पट्टा तपासला. "आज भिंत सोडा," त्या म्हणाल्या. "मी दाराशी आहे."

मी भिंत सोडली.

पहिल्यांदाच मी या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही हात न लावता गेले. तिकडे थांबले, वळले, परत आले. मग थांबलेच नाही. हॉलच्या कडेकडेने वळण घेतलं आणि कानांपाशी वारा आला, हेल्मेटच्या भोकांतून केसांत शिरला. किती दिवसांनी माझ्या अंगाला माझ्याच वेगाचा वारा लागत होता! आणि तोंडात आपसूक ओळी आल्या. आमच्याच घरच्या, कुठल्याशा श्रावणात आम्ही जुळवलेल्या.

पायाखाली भुई फिरे, भुईखाली पाणी
फिरता फिरता सांडली गं नथीमधली गाणी

मी हळू आवाजात म्हणत होते. मग जरा मोठ्याने. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमून परत येत होता, कुणीतरी दुसरी कडी म्हणत असल्यासारखा.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. तस्नीम मॅडम "अहो थांबा, थांबा जरा" म्हणत होत्या तोवर पाच-सहा जणी आत आल्याच. नऊवारी, हिरव्या बांगड्या, नथी, गजरे. संध्याकाळच्या आधी एकदा खेळांची तालीम करायला आलेल्या. सगळ्यांच्या पुढे कमलवन्सं.

"अगं बाई, हा कोण गॅसवाला?" त्या म्हणाल्या.

"गॅसवाला गाणं म्हणतोय होय?" मागून कुणीतरी म्हणालं आणि खसखस पिकली.

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. हेल्मेट, पँट, पाठमोरी मी. स्टेजच्या बाजूची कपडे बदलायची खोली उघडीच होती. दोन-तीनदा पाय मारले असते की मी आत. आत जाऊन कडी लावून त्या जाईपर्यंत बसून राहिले असते. मी तिकडेच निघाले. मान खाली, गुडघे वाकलेले, अगदी मॅडमनी शिकवलं तसं. पोचलेच होते जवळजवळ.

"अहो, ऐकलंत का? हॉल आज आमचा आहे."

तो आवाज उषावहिनींचा. परक्या माणसाशी बोलावं तसा, अदबीचा. मला उद्देशून त्यांनी आजवर कधी 'अहो' म्हटलं नव्हतं.

त्या आवाजाला माझ्या अंगाने माझ्या आधी ओ दिली. पाठ ताठ झाली, मान मागे गेली, हात समोर ताणले गेले. त्या आवाजाच्या समोर माझं अंग नेहमी ज्या जागी जायचं, तिथेच गेलं. आणि पाय पुढे निसटले.

"गुडघे!" मॅडम ओरडल्या.

कसे वाकले कुणास ठाऊक, पण वाकले. मी पुढे कोसळले. गुडघे, कोपरं, तळहात. पत्र्याच्या छपरावर नारळ पडावा तसा आवाज झाला आणि मी घसरत जाऊन स्टेजच्या पायरीशी थांबले. चौरंगाच्या समोर. पालथी. हेल्मेट मागे सरकलं होतं.

"हेमा?"

मी उठून बसले. अंगाला कुठेही लागलं नव्हतं. लागलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. रक्त आलं असतं तर निदान सगळ्यांना काहीतरी करता आलं असतं. आता सगळ्या नुसत्या बघत होत्या. माझ्या पायांतली चाकं अजून फिरत होती, सावकाश, कुरकुरत. मी ती हाताने धरून थांबवली. मांडीवरचं कॉलेजचं नाव झाकायला रेनकोट हवा होता, तो लांब खुर्चीवर पडला होता.

"हे काय गं?" कमलवन्संचा आवाज चढला. "शोभतं का हे? श्रीनिवासला जाऊन दोन वर्षं नाही झाली, आणि तू पायाला चाकं लावून..."

"वन्सं, राहू द्या," उषावहिनी म्हणाल्या. पण हळू, खाली बघत.

"काय राहू द्या? लोकांनी पाहिलं तर?"

कान तापले होते, गळ्यापर्यंत सगळं तापलं होतं. नाडीची गाठ सोडायला गेले, तर मनगटावरच्या गार्डमुळे बोटं वाकेनात.

ऋजुता पुढे आली. नवी नवरी, नऊवारीची अजून सवय नसलेली, ओचा हातात धरून. माझ्याशेजारी उकिडवी बसली. "काकू, लागलं नाही ना? कसल्या पडलात हो! मी काल तालमीत फुगडी घालताना पडले, माझं कोपर अजून सुजलंय. तुम्हाला ओरखडासुद्धा नाही." मग सासूकडे वळून म्हणाली, "आई, फुगडीत तुमच्यासमोर कायम ह्याच काकू असायच्या ना? तुम्हीच सांगत होतात, हेमासारखी फुगडी आख्ख्या साताऱ्यात नाही म्हणून. मग आज मला ह्यांनाच शिकवायला का नाही बोलावलं?"

एकीची बांगडी वाजली, ती तिने लगेच दाबून धरली.

"सवाष्णींचे खेळ असतात ते," कमलवन्सं म्हणाल्या. या वेळी त्यांचा आवाज खाली आला होता.

तस्नीम मॅडम दाराशी उभ्या होत्या. मी मागे का झुकते ते त्यांना आता कळलं असावं. त्या माझ्याकडे येऊ लागल्या, पण मी हातानेच नको म्हटलं.

लग्न होऊन मी या घरात आले त्या पहिल्या श्रावणापासून फुगडीत माझ्यासमोर उषावहिनी असायच्या. फुगडी म्हणजे काय, ते घातलेल्या बाईलाच कळतं. चवड्याला चवडे भिडवायचे, हातांची अढी घालायची, समोरचीचे हात धरायचे आणि बेलाशक मागे झुकायचं. पूर्ण भार मागे. तिने सोडलं तर मी पडते, मी सोडलं तर ती. वहिनींनी एकदाही सोडलं नव्हतं. त्या गरगर फिरण्यात बाकी सगळं पुसून जायचं, फक्त समोरचा चेहरा तेवढा स्थिर राहायचा. त्यांचा. घामेजलेला, हसणारा, कुंकू ओघळलेलं. हे गेले तेव्हा तेराव्यापर्यंत त्या माझ्याजवळ झोपल्या होत्या. पण श्रावण आला आणि फोन आला, जेवायलाच ये. मागच्या वर्षी आला, तसाच या वर्षी.

वहिनी पुढे आल्या. माझ्यासमोर येऊन थांबल्या. त्यांनी मला उठवायला हात पुढे केले.

अढी घातलेले हात. एकावर एक, फुगडीला घालतात तसे. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. हिरव्या बांगड्या घरंगळत मनगटापाशी आल्या.

"ऊठ," त्या म्हणाल्या.

मला ते हात धरायचे होते. देवाशपथ धरायचे होते.

"नको, वहिनी," मी म्हटलं. "ओढू नका. पडलेल्याला ओढलं की दोघी पडतात. मला उठता येतं."

मी आधी दोन्ही गुडघ्यांवर आले. मग एक पाय पुढे घेऊन बूट सरळ रोवला, त्या गुडघ्यावर दोन्ही तळहात ठेवले आणि दाबून वर आले. अर्ध्यात डगमगले. सगळ्या बघत होत्या. कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त जड जात होतं. टाचा जवळ घेतल्या, चवडे बाहेर, आणि उभी राहिले.

चाकांमुळे मी वहिनींपेक्षा उंच झाले होते. पहिल्यांदाच त्यांचा भांग वरून दिसला. बराच पांढरा झाला होता. हात अजून तसेच पुढे होते, खाली घ्यायचे त्या विसरून गेल्या होत्या. नजर माझ्या मांडीवरच्या अक्षरांवर.

"हेमा, मी तुझे गुडघे दुखतात म्हणून..."

"दुखतात की," मी म्हटलं. "रोज पडते ना."

ऋजुताला हसू फुटलं, तिने पदर तोंडावर घेतला. वहिनींच्या ओठांचा कोपराही हलला, पण त्यांना हसता आलं नाही, आणि डोळे भरून आले. मी माझे हात त्यांच्या हातांत दिले. मनगटावरच्या कडक पट्ट्यांमुळे माझी मूठ पुरती मिटत नव्हती.

"घट्ट धर," त्या पुटपुटल्या. दरवेळी फुगडीच्या आधी म्हणायच्या, तसंच. आणि सवयीने किंचित मागे झुकल्या.

मी झुकले नाही. गुडघे वाकवून, माझा तोल माझ्यापाशी ठेवून उभी राहिले. मग त्यांनाच सरळ व्हावं लागलं. सरळ होताना त्यांनी मान वर केली आणि त्या दुपारी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा लाल झाला होता.

"पहिल्यापासून ये," त्या म्हणाल्या. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. कमलवन्संकडे त्यांनी वळूनही बघितलं नाही. "संध्याकाळी. जेवायला नको, पहिल्यापासून ये. मला समोर कुणी नाही."

मी हात सोडवले, सावकाश खाली बसले आणि बुटाची नाडी सोडू लागले. गाठ काही केल्या सुटेना.